कलादालनाचे चौदा झरोके

१ एप्रिल, मंगळ.
वाचनालय झालं. तिसरी इमारत. दारावरच्या बाईनं विचारलं, कोणाला भेटायचंय? म्हटलं, इमारतीला. हिच्या वरच्या मजल्याची वाळू मी डोक्यावरून नेली, तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. आत गार फरशी, पंखा, थंड पाणी. सगळे मान खाली घालून, जसं कोणी रागावलंय. पेपरातली मोठी अक्षरं वाचली. जिना अजून सरळ. मिस्तरी दारू प्यायचा, पण हात सरळ होता.
जळगाव-धुळ्यात जिथे जिथे घमेली वाहिली त्या सगळ्या इमारती आतून बघणार. गुडघे आहेत तोवर.

३ एप्रिल, गुरु.
धुळ्याचं सभागृह. एसटीनं, अर्धं तिकीट. आत कोणाचा तरी सत्कार. पुढच्या रांगेत बसले. त्यांना वाटलं मी सत्कारवाल्याची आई. चहा आला, पेढा आला, गुलाब आला. मी कशाला सांगते. मग खरी आई आली. तिला खुर्ची दिली, पेढाही अर्धा दिला. पिंपळनेरची निघाली, चांगली बाई. भाषणं लांबडी. स्लॅब पक्का.

७ एप्रिल, सोम.
रूपाली रडत घरी. नातीचं रडणं मला चालत नाही, नाक लाल होतं आणि कामं राहतात. विचारलं. तिच्या चित्रांच्या प्रदर्शनाला कलादालन २ ते ४ मे मिळालं होतं. आता पत्र आलं की उन्हामुळे १५ एप्रिलपासून दोन महिने बंद. मागच्या मे महिन्यात आत दोघांना चक्कर आली म्हणे. नाशिकच्या कॉलेजातले सर त्याच तीन दिवसांत चित्रं बघायला येणार होते. त्यांनी घेतलं तर पुढचं शिक्षण. नाहीतर दिलीप, म्हणजे माझा मुलगा, तिला फ्लेक्सच्या दुकानात बसवणार. बोलून ठेवलंय त्यानं.
मी म्हटलं, कोणतं कलादालन? तिनं सांगितलं. म्हटलं, ते गरम कसं होईल? वरती झरोके आहेत ना.
ती म्हणाली, आजी, तिथे सपाट भिंत आहे.

८ एप्रिल, मंगळ.
गेलो दोघी, दु. ३ वा. आत भट्टी. वर बघितलं. खरंच सपाट. पिवळा रंग.
घरी येईस्तोवर बोटांवर झरोके मोजले. रूपालीला वाटलं ऊन लागलं.
सपाट आम्हीच केली. उद्घाटनाला तीन दिवस राहिले होते, झरोक्यांच्या काचा आल्या नव्हत्या. भोकं दिसतील, मंत्री येणार. मुकादम म्हणाला अर्ध्या विटेनं बुजवा, आतून बाहेरून गिलावा, रंग मारा, कार्यक्रम झाला की फोडू. विटा मी दिल्या, मिस्तरीनं लावल्या. कार्यक्रम झाला. आम्ही दुसऱ्या कामावर. फोडलं कोणीच नाही. मलाही आठवलं नाही, खोटं कशाला लिहू. सात या बाजूला, सात त्या.

९ एप्रिल, बुध.
महापालिकेचं हापीस. इंजिनिअर पोरसवदा, शर्ट इस्त्रीचा. जुनी फाईल सापडत नाही म्हणाला. भिंत फोडायची तर कारण लागतं. आजी, तुमचं शिक्षण?
म्हटलं, तिसरी. तीही अर्धी.
बाजूचा क्लार्क हसला. त्याला म्हटलं, तू बसलाय ती खोली बांधली तेव्हा तुझा जन्म नव्हता, हळू हस.
शुक्रवारी या म्हणाले. रात गई, बात गई असं त्यांना वाटलं असणार. दिलीप घरी म्हणतो, माय, तुले काय करनं शे? म्हटलं, तू जेव.

११ एप्रिल, शुक्र.
दहाला जाऊन बाकावर बसले. भाकरी-ठेचा तिथेच खाल्ला, वास सगळ्या हापिसात. एक वाजता इंजिनिअर साहेब जेवायला उठले. म्हटलं, पाच मिनिटं माझ्याबरोबर कलादालनात चाला, मग तोंड दाखवणार नाही. त्याच लालचेनं आले.
तिथल्या वॉचमन भिकनभाऊंनी जाळं काढायचा लांब बांबू दिला. रूपालीला म्हटलं, मी सांगते तिथे ठोक. ठोकलं. ठक. भरीव. पुन्हा. ठक. साहेबांनी घड्याळ बघितलं. भिकनभाऊ म्हणाले, अक्का, ऱ्हाऊ द्या आता. रूपालीनं मान खाली घातली.
मी बीमकडे बघितलं. मग आठवलं. बीमला लागून पहिला झरोका नव्हताच. वायरवाल्याचा पाईप मध्ये आला म्हणून मिस्तरीनं दोन हात सोडले होते, मुकादमाशी भांडून. म्हटलं, पोरी, दोन हात डावीकडे.
ढब.
पुन्हा. ढब. पोकळ.
तिथे भिंत नव्हतीच. साहेबाला म्हटलं, "भाऊ, आठे भीत नही शे. आठे हवा शे."
त्यानं बांबू स्वतः घेतला. ठोकत ठोकत पूर्ण भिंत चालला. सात ढब. मग समोरची. सात. इस्त्रीच्या शर्टावर चुना पडला तरी भान नाही. जेवायलाही गेला नाही.

१६ एप्रिल, बुध.
एकच फोडायची परवानगी. गवंडी आला. मी खाली खुर्चीत. त्याला सांगितलं, जोर नको लावू, अर्धी वीट आहे. त्यानं ऐकलं नाही, तिसऱ्या घावाला हातोडा बाहेर रस्त्यावर. भिकनभाऊ पळाले बघायला, नशीब कोणी नव्हतं.
उजेड आला पट्टीसारखा. मग वारा. साहेबाच्या हातातले कागद उडाले, क्लार्क मागे. तोच क्लार्क. मी हळू हसले.

२३ एप्रिल, बुध.
चौदाच्या चौदा मोकळे. जाळी बसली. दु. ३ वा. आत अर्धा तास बसून बघितलं. गरम आहे, जळगाव आहे, पण बसता येतं. बंदचं पत्र रद्द. तसा कागद रूपालीच्या हातात दिला. ती पुन्हा रडली. आता कशाला?

२ मे, शुक्र.
प्रदर्शन. सावद्याची केळी, ट्रक भरणाऱ्या बाया, घड खांद्यावर. एका चित्रात घड उलटा धरलाय. सांगितलं तिला. म्हणाली मुद्दाम. असू दे.
एका नगरसेवकानं फीत कापली आणि भाषणात सांगितलं की झरोके त्यांच्या पाठपुराव्यानं उघडले. मी पहिल्या रांगेतून विचारलं, किती आहेत भाऊ?
ते वर न बघता म्हणाले, बारा.
सगळ्यांनी वर बघितलं. मोजलं. आधी पोरी हसल्या, मग सगळं दालन. इंजिनिअर साहेब तोंडावर रुमाल धरून. मग त्यांनीच मला पुढे बोलावलं, माईक दिला. काय बोलणार. म्हटलं, पाणी प्या सगळ्यांनी.

४ मे, रवि.
नाशिकचे सर आले. दोन तास होते. घाम पुसला नाही एकदाही, मी बघत होते. वहीत लिहिलं, कोणाला दाखवलं नाही. केळीवाल्या बाईसमोर लई वेळ थांबले. जाताना रूपालीला म्हणाले, कळवू.
कळवू म्हणजे काय? तिलाही माहीत नाही.

१३ मे, मंगळ.
नाशिकचं काही नाही. फ्लेक्सवाल्याचा फोन आला, दिलीपनं या महिनाअखेरपर्यंत थांबा सांगितलं. स्वतःहून. मी त्याला भाजी जास्त वाढली.
रूपालीनं नवीन चित्राचं मोठं कापड ताणून आणलंय, चौकटीसकट. म्हटलं, आता कशाला? म्हणाली, बोलावलं तर नवीन लागेल. आणि नाही बोलावलं तर? म्हणाली, तरी लागेल.
ते दारातून आत जाईना. आडवं केलं, तिरपं केलं. दिलीप म्हणाला, राहू दे बाहेर. म्हटलं, धुळीत? पेचकस आण. दार बिजागऱ्यांवरून काढलं. मी धरलं, त्यानं काढलं.
चित्र आत. दार अंगणात भिंतीला टेकवलंय. चार वाजता परत लावू म्हणाला होता. साडेसहा झाले, रूपाली रंगवतेय, तो तिथेच बसून बघतोय.