सपाट डोक्याचे छर्रे

४ ऑगस्ट १९४८, बुधवार

उंदीर उमेला चावला.

भर दुपारी. ती पाळण्यात निजली होती, मी विहिरीवर धुणं पिळत होते. तिचं रडणं ऐकून धावत आत आले तर पाळण्याच्या दोरीवरून काहीतरी काळं सरसर वर गेलं आणि तुळईमागे दिसेनासं झालं. पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. अजून बसतासुद्धा येत नाही हो तिला.

सासूबाईंनी हळद दाबली. सरकारी दवाखान्यात औषध नाही. हिंदुस्थान हद्दीपलीकडून काही येऊच देत नाही, मीठ-रॉकेल नाही तिथे औषध कुठलं. डॉक्टर म्हणाले, "साबणानं धुवा, ताप येतो का बघा."



५ ऑगस्ट

ताप नाही. दर घटकेला कपाळाला हात लावून बघते.

६ ऑगस्ट

विष घालायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. तुळईवर मेला, वास सुटला, तर लोक प्लेग म्हणतील. मग बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, माणसं येऊन घर रिकामं करायला लावतील. या दिवसांत घर सोडून दोघी बायका जाणार कुठे? पिंजऱ्यातली भाकरी तो काढून नेतो आणि पिंजरा तसाच उघडा. एवढा मोठा उंदीर मी नांदेडात कधी पाहिला नव्हता.

श्रीपादराव असते तर — पण ते नाहीत. ज्येष्ठात घर सोडून गेले. कुणी विचारलं तर सांगायचं, उमरखेडला मावसभावाकडे. उमरखेडला आहेत हे खरं, पण निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत. तिथे मावसभाऊ कुणी नाही. शाळेतली नोकरी सोडून, पैनगंगा ओलांडून गेले. जाताना म्हणाले, "राज्य बदललं की येतो." जणू बाजारात जाऊन येतो.

पाळणा आता स्वयंपाकघरात बांधला. उंदीर तिथेही आला.

८ ऑगस्ट, रविवार

माळ्यावरची बंदूक काढली. हवेची. सासरे वसंतराव जिनिंगच्या सरकीच्या गुदामावर होते, तेव्हा खारी-उंदरांसाठी घेतलेली. परवाना लागत नाही. पण ज्याला कळत नाही त्याला ती बंदूकच दिसते, आणि सध्या बाहेर फिरणाऱ्या रझाकारांना काही कळून घ्यायचं नसतं. म्हणून काढताना सासूबाईंनी पुढचं दार लावून घेतलं.

श्रीपादरावांनी लग्नानंतर एकदा गमतीनं शिकवलं होतं. नळी बिजागरीतून खाली मोडायची, छर्रा बसवायचा, नळी मिटायची. तेव्हा मी पेरूच्या झाडालासुद्धा लावू शकले नव्हते.

बंदुकीबरोबर दोन डबे आणि एक पुरचुंडी निघाली. एका डब्यात टोकदार छर्रे. दुसऱ्यात सपाट डोक्याचे, नुसते शिशाचे ठोकळे वाटावेत असे. पुरचुंडीत गोल गोळ्या. टोकदार बघून वाटलं, झालं काम.

९ ऑगस्ट

काम झालं नाही.

गोठ्यात पोत्यात वाळू भरून त्यावर कागद टाचला. पाळण्यापासून तुळई जेवढी दूर, तेवढ्याच अंतरावरून मारून पाहिलं. बंदूक खिडकीच्या गजावर टेकवली, श्वास रोखला. एक छर्रा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, एक खाली पोत्याच्या शिवणीत, एक तर पोतंच सोडून भिंतीवर. भिंतीवरून उलटला आणि माझ्यामागच्या घंगाळावर टण्णकन वाजला. घंगाळाला पोचा आला.

मी तिथंच बसले. दोरीवरच्या उंदराला मारायचं म्हणजे खाली उमा. छर्रा चार बोटं इकडेतिकडे गेला तर? दगडी भिंतीवरून उलटला तर? उंदरानं अंगठा चावला. मी काय करून बसेन?

बंदूक परत माळ्यावर ठेवली.

१० ऑगस्ट

आज तो पाळण्याच्या कडेवर बसून उमेच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या ओठांना दूध लागलेलं होतं.

बंदूक पुन्हा खाली काढली.

११ ऑगस्ट

चूक माझ्या हाताची की छऱ्याची, हे आधी ठरवायला हवं. म्हणून बंदूक दोन विटांत घट्ट बसवली आणि हलू दिली नाही. तरी टोकदार छर्रे विखुरलेच. म्हणजे हात नव्हे. डब्यात एकमेकांवर आपटून त्यांची टोकं वाकलीत. एकाचं डावीकडे, एकाचं उजवीकडे.

गोल गोळ्या तर नळीत बसतच नाहीत. नळी खाली केली की गडगडत बाहेर.

सपाट उरले. त्यांच्यावर पांढरी भुकटी चढली होती. सासूबाई म्हणाल्या, "शिसं आहे ते, हात धुतल्याशिवाय लेकराला घेऊ नको." एकेक तेलाच्या फडक्यानं पुसला.

नेम धरत होते तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "सरोजाबाई, ये फट्फट कायकी?"

जुलेखाबी. शेजारीण. तिचे मुनीरसाब करोडगिरी नाक्यावर, जकातीच्या, जवान आहेत. तिनं कधी वाकडा शब्द काढलेला नाही. उमेच्या वेळी रव्याची खीर पाठवली होती. पण मुनीरसाब खाकी घालतात, आणि खाकी बघितली की मी उमेला उचलून आत जाते. मी म्हणाले, "उंदीर मारतेय."  ती म्हणाली, "हौ, मारो. मगर जरा दुपहर में मारो, बाई. शाम को वो पोरं गल्लीत फिरतात."

हे सांगितलं की धमकावलं, कळलं नाही. जेवण गेलं नाही.

१३ ऑगस्ट

सपाट छर्रेसुद्धा सगळे सारखे नाहीत. मागची कड पातळ असते, ती चेमटली की छर्रा भरकटतो. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून कुंकवाचा आरसा आडवा ठेवला आणि त्यावर एकेक घरंगळत सोडला. धड असलेला गोल वळण घेत सुरळीत जातो. चेमटलेला अडखळतो, टकटक करतो. अडखळणारे सगळे बाजूला काढले. डबाभरातून मूठभर राहिले.

दुपारी ते मारले. भोकं एकमेकांत मिसळली. रुपया ठेवला तर खाली झाकतील.

किती दिवसांनी बरं वाटलं. मग वाटलं, आता प्रत्यक्ष मारायचं. 

१७ ऑगस्ट

दगडोबा आला. मुदखेडकडची आमची जमीन तोच कसतो. दर खेपेला ओसरीवर बसून उमेला खेळवतो, आज बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "दादाला मारलं, वैनी."

थोरला भाऊ. खाकीतली माणसं गावात आली, गंजी पेटवल्या, हा विझवायला धावला.

सासूबाईंनी पाणी दिलं. तो तांब्या हातात धरून राहिला. "मला त्येंची तोंडं ठावं न्हाईत. पर खाकी ठावं हाय," म्हणाला. माझी नजर भिंतीकडे गेली. त्याचीही गेली.

२० ऑगस्ट

आज तलाशी झाली.

चार-पाच पोरं, खाकीत. हातात काठ्या, एकाकडे खरी बंदूक. "मास्तर कहाँ है?" सासूबाई म्हणाल्या, "उमरखेडला." मी उमेला घट्ट धरून उभी. त्यांनी कोठीतलं धान्य उपसलं, अंथरुणं फेकली आणि गोठ्यात गेले. भोकं पडलेले कागद तिथेच टाचलेले होते. का काढले नाहीत मी?

एकानं कागद उजेडात धरला. "किस पे निशाना सीख रही है?"

 खरं होतं ते सांगता येईना. उंदीर म्हणाले असते तर मलाच खोटं वाटलं असतं.

तेवढ्यात परसातून मुनीरसाब आले. बनियनवरच होते, अर्धी दाढी केलेली. त्यांनी गोठ्यात टेकवलेली माझी बंदूक हातात घेतली, नळी मोडली, तिच्या तोंडावर अंगठा धरला. "हवा की है. नाके पर ऐसी कई देखीं. चूहा मारते इससे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बच्ची का अंगूठा दिखाओ."

मी उमेचा पाय पुढे केला.

पोरं निघाली. पण मोठा दिसणारा पोरगा रिकामा जायला तयार नव्हता. त्यानं टोकदार छऱ्यांचा डबा उचलला, एक बोटांत धरून दुसऱ्याला दाखवला, "ये खतरनाक है," म्हणाला आणि खिशात घातला. सपाटांना हातही लावला नाही.

सासूबाई नंतर हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मला हसू आलं नाही.  मुनीरसाबांचे आभार मानायचे राहून गेले.

२१ ऑगस्ट

जुलेखाबीकडे वाटीभर शेंगदाण्याचे लाडू दिले. तिनं वाटी रिकामी परत केली नाही, त्यात मीठ घातलं. मीठ. नाक्यावर माल पकडला की थोडंफार मिळतं म्हणाली.

२४ ऑगस्ट

मारला.

सासूबाईंनी उमेला बाहेर नेलं. पाळण्यात तिची दुपट्याची गुंडाळी ठेवली, वर दुधाचं बोट पुसलं. मी पलंगाच्या कडेला बंदूक टेकवून बसले. दिवेलागण व्हायला आली. आधी मिशा दिसल्या, मग डोकं. दोरीवर उतरला आणि थांबला. बंदुकीचं टोक हलत होतं. थांबले. तो पाळण्याच्या कडेवर आला, मागे लाकडी फळी होती, दगड नव्हता. तेव्हा चाप ओढला.

आवाजसुद्धा नीट ऐकला नाही. तो खाली पडला आणि हलला नाही. छर्रा डोक्यातच होता.

वाटलं होतं आनंद होईल. मी पुढच्या अंगणात जाऊन ओकले.

३० ऑगस्ट

उमा पाळण्यात शांत झोपते. अंगठा भरून आला. दोन पिल्लं होती बहुतेक, तीही गेली.

बाहेरचं वाढतच चाललंय. स्टेशनावर जाणं बंद. श्रीपादरावांचा निरोप नाही.

१३ सप्टेंबर, सोमवार

विमानांचा आवाज. हिंदुस्थानची फौज हद्द ओलांडून आली म्हणतात. दारं बंद.

१८ सप्टेंबर

काल निजामानं शरणागती पत्करली. रेडिओवर स्वतः बोलला म्हणे. रस्त्यात गुलाल. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी उमेला कडेवर घेऊन पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिले. कितीतरी दिवसांनी. गल्लीतली बायकामाणसं एकमेकींना मिठ्या मारत होती.

जुलेखाबीचं दार बंद होतं.

२० सप्टेंबर

मुनीरसाब नाक्यावरून परत आले नाहीत.

पलीकडच्या मोहल्ल्यावर धूर आहे. मला वाटलं होतं भीती संपली.

२१ सप्टेंबर

सकाळी जुलेखाबी परसातली भिंत चढून आमच्याकडे आली, आपल्या लहान मुलीला घेऊन.  सासूबाई आयुष्यभर सोवळं पाळत आल्या. त्यांनी देवघरामागच्या खोलीची कडी काढली आणि दोघींना आत घेतलं. "पोरगी रडली तर उमा रडते म्हणू," एवढंच मला म्हणाल्या.

दुपारी दगडोबा आला. हातात कुऱ्हाड. मी ओसरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. ती माणसाचं काही करू शकत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

"शेजारची कुठं गेली, वैनी?"

"मला काय ठाऊक."

"खाकीवाल्याची बाईल हाय ती."

"त्या खाकीवाल्यानं मला वाचवलं, दगडोबा. तलाशीच्या दिवशी. नाहीतर आज तू कुणाला वैनी म्हणाला असतास?"

तो मला ओलांडून आत गेला. मी अडवू शकले नाही. पावलं देवघरापर्यंत गेली. कडी वाजली. मग काहीच नाही. मी देवाचं नाव घ्यायचं तेही विसरले.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "पोरगी किती बारकी हाय," म्हणाला. पाणी न पिता गेला.

तो कुणाला सांगेल का? सासूबाई म्हणतात नाही. मी खोलीची कडी पुन्हा तपासून आले.

२३ सप्टेंबर

श्रीपादराव आले. दाढी वाढलेली, गळ्यात झेंडूची माळ, खांद्यावर खरी बंदूक, मागे दहा-बारा जण. दगडोबाही त्यांच्यात. उमेला उचलून घेतलं, ती ओळखीना, रडली. मग म्हणाले, "शेजारचे कुठे लपलेत? या गल्लीत एकालाही ठेवायचं नाही असं ठरलंय."

मी उत्तर द्यायच्या आधी दगडोबा बोलला. "मी बघून आलो, मालक. घरात ह्या दोघी न् पोरगी. दुसरं कोन न्हाई."

श्रीपादरावांनी माझ्याकडे बघितलं. इतके महिने मी याच माणसाची वाट बघत होते.

"खरंच कोणी नाही," मी म्हणाले.