एकच मजकूर

दि. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याची चौकशी केलीस. तर तो निवृत्त झाला, मी अजून नाही. नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसून दोन वर्षं झाली. आता कचेरीत दहाच्या ठोक्याला माणसं जागेवर दिसतात. तोंडावर कर्नलसाहेब म्हणतात, पाठीमागे ‘कवायत’ म्हणतात. म्हणू देत.

एक वाईट झालं. बाजाररस्त्याचं गटार तुंबून घाण दुकानांत शिरली होती. मी मुकादमाला दुपारी बारापर्यंतची मुदत दिली. चेंबरमध्ये उतरलेला एक सफाई कामगार आतल्या वायूने गेला. चांगला तरणाताठा होता. त्याच्या बायकोला मी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पलटणीतली सवय, जवान गेला की घरी पत्र अधिकाऱ्यानेच लिहायचं. इथल्या वर्तमानपत्राने ते छापलं आणि वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. कात्रण सोबत ठेवलंय. धाकट्या भावाचं चारचौघांत नाव झालेलं तुला आवडेल.

उन्हात बाहेर पडू नकोस. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा
बारक्या


दि. १३ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कात्रण मिळालं. तीस वर्षं शाळेत शिकवलं. शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर माझ्या नजरेतून कधी सुटलं नाही. त्यात छापलेलं तुझं पत्र मला पहिल्या ओळीपासून पाठ होतं. शिवणयंत्राच्या खणातून तू मला लिहिलेलं जुनं पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. ‘त्याला वेदना झाल्या नाहीत. सगळं क्षणात संपलं. शेवटी ओठांवर आईचं नाव होतं.’ त्या कामगाराच्या बायकोच्या पत्रात आईच्या जागी ‘तुमचं’ आहे, एवढाच काय तो फरक.

माझा मुलगा तुझ्याच पलटणीत होता. तू त्याचा मामा. सख्ख्या बहिणीला तू ठरावीक मजकूर पाठवलास आणि मी वेडी तो एकोणीस वर्षं जिवापाड जपत बसले. आणि काय रे, चेंबरच्या तळाशी तो कामगार शेवटी काय बोलला, ते कुणी ऐकलं?

माझा मुलगा कसा गेला ते खरं लिही. मला जपू नकोस. एकाहत्तर वर्षांची झाले, आता काय व्हायचं ते होऊ दे.

ताई


दि. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

मध्ये तुझी दोन कार्डं आली. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

अशी एक्केचाळीस पत्रं मी लिहिली. पहिली दोन मनापासून लिहिली. मग एक मजकूर बसला, तो बसलाच.

तुझा मुलगा सकाळी साडेआठला जखमी झाला. आमच्यापासून तीनशे पावलांवर, उतारावर. दोघे त्याला आणायला निघाले होते, मी त्यांना अडवलं. समोरून गोळीबार चालू होता. शिवाय भाच्यासाठी आणखी दोन बळी दिले असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. तो दुपारी एकपर्यंत जिवंत होता. त्याच्या शेजारी पडून राहिलेल्या जवानाने मला नंतर सांगितलं, की मामा येतोय का, असं त्याने तीनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं. आईचं नाव मी घातलं. तुला तेवढं तरी मिळावं म्हणून घातलं, की माझं झाकायला, ते आज मलाही सांगता येत नाही.

तो कामगारही क्षणात गेला नाही. अग्निशमनवाल्यांकडे प्राणवायूचा मुखवटा होता, पण त्यांना यायला तासभर लागला असता आणि बाराची मुदत टळली असती. मुकादम मला घाबरला आणि त्याला तसाच उतरवला. आतून वीस मिनिटं हाका येत होत्या. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. आता चौकशीच्या कागदांत माझंच पत्र सगळ्यांत वर लावलंय. क्षणात गेला म्हटल्यावर त्या वीस मिनिटांचं कोण विचारणार? बोललो तर खुर्ची जाईल, कदाचित खटलाही होईल. गप्प राहिलो तर तो स्वतःच्याच चुकीने मेला असं ठरेल. काय करू, सांग.

बारक्या


दि. १६ जुलै

बारक्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. साडेआठ ते एक. त्या दिवशी मी परीक्षेचे पेपर तपासत होते. मधल्या सुट्टीत कुणाशी तरी हसलेही असेन. ‘आई’ या एका शब्दावर मी एवढी वर्षं काढली. तोही गेला, मीच मागून घालवला. तुला माफ करीन की नाही, ते आत्ता विचारू नकोस.

काय करू म्हणून मला काय विचारतोस? माणूस खाली उतरवताना कुणाला विचारलं होतंस? ऊठ आणि त्या बाईकडे जा. कारकून नको, फोटोवाला नको, पत्र तर मुळीच नको. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं सांग. तिने शिव्या घातल्या तर मान खाली घालून ऐक.

ताई


दि. २३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

काल गेलो. तिने घरातली एकुलती एक खुर्ची पुढे केली, मी उभाच राहिलो. मुदतीचं, मुखवट्याचं, वीस मिनिटांचं, सगळं सांगितलं. ती रडली नाही. तो काय ओरडत होता, एवढंच विचारलं. दोर टाका म्हणत होता, असं मी सांगितलं. मग दोर का टाकला नाही, असं तिने विचारलं.

दोर नव्हता, ताई. हे तुलाही मी लिहिलं नव्हतं. दोर आणि मुखवटे मागणारा मुकादमाचा अर्ज महिन्यापूर्वीच माझ्या टेबलावर आला होता. अक्षर गबाळं आहे, नीट लिहून आणा, असा शेरा मारून मी तो परत पाठवला होता. तिला हेही सांगितलं.

तिने वहीचं एक पान फाडून पुढे ठेवलं आणि बोललो ते सगळं लिहून सही करायला सांगितलं. तिला वाचता येत नाही. शेजारणीकडून एकेक ओळ वाचून घेतली. एका ठिकाणी मी ‘थोडा विलंब झाला’ असं लिहून गेलो होतो. तिने ते खोडायला लावलं आणि वीस मिनिटं असं लिहून घेतलं. आज सकाळी तो कागद तिने चौकशीवाल्यांकडे दिला. मी राजीनामाही दिलाय.

शनिवारी दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

बारक्या