ताशी साठ

प्रिय धाकट्या,

परवा तुझ्याकडून निघताना तू विचारलंस, ताई हल्ली एवढी गप्प का असतेस. मी दमल्याचं सांगितलं आणि चपला घालून बाहेर पडले. दमले नव्हते. तुझ्या खुंटीवर बाईची पिशवी अजून लटकते आहे. तिच्याकडे पाठ करून तासभर बसले होते, म्हणून मान आखडली होती.

बाई. तुझ्याशी लग्न होऊन आली तेव्हा ती शिकवायची त्या शाळेतली शेजारपाजारची मुलं तिला घरीही बाई म्हणायची, मग आईही म्हणू लागली. सासू सुनेला बाई म्हणते, याचं तुला किती हसू यायचं! आईच्या गोळ्यांच्या वेळा तिनं ठळक अक्षरात कपाटावर चिकटवल्या होत्या, आणि आई विसरली की खरंच ओरडा खायची. आई गेल्यावरही कितीतरी दिवस तिनं तो कागद काढला नाही.

मी ऑफिसात नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. ‘रस्त्यांचं काहीतरी’ एवढंच लोकांना सांगायचास. तर ऐक. तीन वर्षांपूर्वी बाईच्या शाळेसमोरचा रस्ता रुंद झाला. कडेची झाडं गेली, वळण सरळ झालं. ताशी चाळीसची पाटी तशीच राहिली, पण तिला कोणी जुमानेना. म्हणून मला पाठवलं. दोन दिवस मी कडेला उभ्या केलेल्या साध्या गाडीत बसून, काचेआड यंत्र धरून, येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग लिहून घेतला. आमची पद्धत अशी, की शंभरातल्या सगळ्यात वेगवान पंधरा गाड्या सोडून द्यायच्या. उरलेल्या पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत चालतात, तो मर्यादा म्हणून धरायचा. बहुतेक माणसं जिवाला जपून चालवतात, त्यांना जो वेग सोयीचा वाटतो तोच त्या रस्त्याला मानवतो, असा त्यामागचा विचार. तो वेडगळ नाही. मोकळ्या हमरस्त्यावर मी आजही तेच करीन. आकडा अठ्ठावन्न आला. मी साठ लिहिलं.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे जेवायला आले होते. तू आईची औषधं आणायला खाली गेला होतास. भांडी आवरताना मी बाईला मोठ्या फुशारकीनं हे सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, गाड्या मोजल्यात. पलीकडे जायला थांबलेली माणसं मोजलीत का?” मी हसले. म्हटलं, बाई, ही शाळा नाही. तिनं उरलेली भांडी पुसायला घेतली. तुलाही तिनं हे कधी सांगितलं नसावं. मला कमीपणा येईल असं ती कुणापाशी बोलायची नाही.

सहा महिन्यांनी मी पुन्हा जाऊन मोजलं. आता आकडा सदुसष्ट आला. पाटी बदलली तशी माणसांची सोयही बदलली होती. मोठा, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. पण चूक झाली असं वर लिहून देणं जिवावर आलं. तो कागद मी फाइलीत लावला आणि फाइल कपाटात ठेवली.

शाळेसमोर बाई ज्याच्या गाडीखाली गेली तो माणूस प्यायलेला नव्हता, घाईतही नव्हता. लख्ख सकाळ होती. त्याची गाडी साठच्या आत होती, म्हणून त्याच्यावर फारसा ठपका आला नाही. तू त्याला शिव्या घालत होतास तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसले होते. त्याचा जबाब मी ऑफिसात वाचला आहे. “रस्ता मोकळा होता, वेग जाणवलाच नाही.” धाकट्या, त्याला तसं वाटावं अशीच तर मी व्यवस्था केली होती.

त्या रस्त्याची मर्यादा कोणी, कधी आणि कशाच्या आधारे ठरवली, असं विचारणारा तुझा अर्ज सोमवारी आमच्याकडे आला. उत्तर द्यायचं काम माझ्याच टेबलावर आहे. सगळे कागद जोडले आहेत, तू न मागितलेला सदुसष्टचाही. मर्यादा पुन्हा चाळीस करावी, रस्ता शाळेपाशी अरुंद करावा, असं मी वर लिहून दिलं आहे, आणि हे इतके दिवस का दडपलं तेही. होईल ते होवो. आठवड्याभरात पाकीट तुझ्या हातात पडेल. साठच्या खाली सही माझी आहे. ती तुला सरकारी पाकिटातून कळू नये म्हणून आधी हे लिहिलं. माफी मागत नाही, ती मागायची जागा आता उरलेली नाही. तू दार उघडलं नाहीस तरी रविवारी येईन. जिन्यात थोडा वेळ बसेन आणि परत जाईन.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझीच
ताई