पाड्यावरचा पंप आणि जुनी यादी

७ एप्रिल, सोमवार. जव्हार.
पोशेऱ्याकडच्या पाड्यावरचा पंप आजपासून आपोआप चालणार. टाकी रिकामी झाली की आमचा छोटा लिनक्स बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, पंप लावतो. गेल्या आठवड्यात नवा बोर्ड बसवला, त्यात पंपाची पिन वेगळी. म्हणून डिव्हाइस ट्री बदलली, म्हणजे कुठल्या पिनला काय जोडलंय त्याची यादी. बोर्ड सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम ती लिनक्सच्या हाती देतो. घरूनच फाइल चढवली. पाच मिनिटांचं काम.

सायं. ५.
पंप लागला नाही. बोर्डावर यादी जुनीच. कोणीतरी परत टाकली. सकाळी नाशिक ऑफिसातून शलाकाने विचारलं होतं, हर्षल, फाइल चढवलीस का. तिला कशाला हवं?

८ एप्रिल
पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही. फाइल पुन्हा चढवली. यादी जुनीच. म्हणजे गडबड पाड्यावरच आहे.

१० एप्रिल
मोखाड्याहून जीपने पाड्यावर. पंप ऑपरेटर उमेश, मी काही विचारायच्या आत म्हणाला, डब्याला मी हात नाय लावला. विचारायच्या आत. बोर्ड नीट चालला तर याचं काम जाईल, एवढं कारण पुरे.
बोर्डाच्या डब्याला टेप लावली. पंपघराची किल्ली काढून घेतली. मंग हातानं पंप कोन लावील, असं त्याने विचारलं. म्हटलं, आता हाताची गरज नाही.

११ एप्रिल
फाइल चढवली. यादी जुनीच. पाड्यावर फोन करून पंपघराच्या खिडकीतून बघायला लावलं, टेप शाबूत. म्हणजे शलाका आणि उमेश मिळालेले आहेत. आमचे मॅनेजर केयूर सर यांना मेल केला, नावानिशी. भाषा संयत ठेवली.

१३ एप्रिल
पाड्यावरच्या सुकीताईंचा फोन. तीन दिस टाकी कोरडी, बाया दरीत उतरून पानी आनतात, किल्ली तरी धाडा. त्यांना कोणीतरी शिकवलेलं दिसतं. किल्ली पाठवली नाही. पुरावा महत्त्वाचा.

१५ एप्रिल
सरांनी शलाकाला पाठवलं. मीही पाड्यावर गेलो, लक्ष ठेवायला. तिने लॅपटॉप वायरने बोर्डाला जोडला आणि बोर्ड सुरू होताना उमटणाऱ्या ओळी वाचल्या. बूटलोडर मी चढवलेली फाइल उघडतच नव्हता. त्याला दुसऱ्याच फाइलचं नाव सांगून ठेवलं होतं. हे कोणी केलं, मी जरा मोठ्यानेच विचारलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. फाइलचं नाव ‘हर्षल-टेस्ट-२’.
टेबलावर टेस्टिंग करताना मीच सेव्ह केलं असणार. तेव्हा कामाचा ताण फार होता.
तिने एक ओळ बदलली. पंप लागला. सुकीताई हंडा घेऊन नळाकडे गेल्या, माझ्याकडे न बघता.
शलाका म्हणाली, सरांनी तुझा मेल मला दिलाय, उत्तर लिहायला सांगितलंय. काय लिहिणार विचारलं. म्हणाली, बघते.
उमेशला किल्ली दिली. म्हटलं, जरा गैरसमज झाला. त्याने विचारलं, कोनाचा?
जीपवाला हॉर्न देत होता, त्यामुळे उत्तर राहिलं.