लाल दोऱ्याची चादर

१४ तारीख, मंगळवार

चि. चिमणीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन सव्वा महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय, रागावू नकोस. चष्म्याची काडी मोडली, मग गुडघा धरला, असं लिहिणार होतो. दोन्ही खरं आहे, पण कारण ते नाही. चौथी शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं सांभाळून घे.

लाँड्री बरी चाललीय. इस्त्रीवाला अजून तोच, तोंडही तेवढंच चालतं. तुम्ही झोपताना गॅस बंद करता ना? मला उगाच काळजी लागते.

तू लिहिलंस, तुझी छकुली सहा वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करते आणि जावईबापू म्हणतात, सासऱ्यांचाच उपाय करू. खाली तू एवढंच विचारलंस, "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

तो उपाय मीच त्यांना फुशारकीने सांगितला होता. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगायचो. तू सात वर्षांची होतीस. दवाखान्याच्या घाण कपड्यांना आपण लाल दोरा टाचायचो, म्हणजे ते वेगळे धुवायचे. तसाच दोरा मी तुझ्या चादरीला टाचला. रोज सकाळी ती तूच उचलून गल्ल्यापाशी आणायची, गिऱ्हाइकांदेखत. इस्त्रीवाला ओरडायचा, "आली बघा, वॉर्ड नंबर सात!" सगळे हसायचे. मीही हसायचो. आठ दिवसांत चादर कोरडी यायला लागली. मी म्हणायचो, लाज वाटली की सगळं सुटतं.

तुझी आई तेव्हा काहीच बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

परवा मुलांच्या डॉक्टरीणबाई कोट टाकायला आल्या. मी विचारलं, "आमच्या ओळखीत एक पोर आहे..." त्या म्हणाल्या, "आजोबा, झोपेत होतं ते मूल मुद्दाम करतं का? दिवसा भरपूर पाणी प्यायला द्या, निजताना लघवीला पाठवा, खाली मेणकापड घाला आणि बोलू नका. बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. दुखत असेल, किंवा बंद झालेलं पुन्हा सुरू झालं, तर माझ्याकडे आणा." मग म्हणाल्या, "आणि त्या पोरीला कोणी लाजवू नका बरं." मी त्यांची पावती उलटीच फाडली.

एवढं लिहूनही पत्र पुरं करता आलं असतं. तीन वेळा इथवर लिहून फाडलं.

चिमणे, चादर कोरडी का झाली ते मला माहीत होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी पहाटे किल्ल्या घ्यायला तुमच्या खोलीत आलो. चादर घडी घालून खाटेवर, आणि तू खाली उघड्या फरशीवर, भिजलेल्या परकरात. तुझी आई फडकं घेऊन फरशी पुसत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी दार हळूच ओढून घेतलं आणि खाली येऊन दुकान उघडलं. त्या दिवशीही एका गिऱ्हाइकाला सांगितलं, पोरगी सुधारली म्हणून. तू किती दिवस फरशीवर झोपलीस ते मी कधी विचारलं नाही. थंडीत तुला खोकला धरला, तेव्हाही नाही. तुझी आई जाईपर्यंत तिला वाटत होतं, मला ठाऊक नाही.

तू विसरली नसशील. म्हणूनच जावईबापूंना हे स्वतः न सांगता मला विचारलंस ना? की माझी अब्रू राखलीस?

हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझ्याबद्दल त्यांचं मत वाईट झालं तरी चालेल. मेणकापड आणि चार जुन्या मऊ चादरी उद्या पाठवतो. छकुलीला उठवून तिच्यादेखत धुवायला काढू नका, गुपचूप बदला, तुझी आई फरशी पुसायची तशी.

मी महिनाभर गप्प बसलो, त्या महिन्यात तुम्ही काही केलंत का, हा विचार मला जेवू देत नाही. केलं असेल तर तेही लिही, लपवू नकोस. मी येऊन छकुलीला समोर बसवून सांगेन की चूक आजोबांची होती. दोन ओळी पुरेत, पण पत्र मिळेल त्याच दिवशी टाक.

वाट पाहणारे,
तुझे बाबा