जुन्या नावाने विचारणारा

बुधवार, २९ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध बदललंय, वाट पाहू." ओठांना भेगा पडल्यात हिच्या. चमच्याने पाणी पाजलं, अर्धं उशीवर सांडलं. दुकानात एका गिऱ्हाइकाची खुर्ची उघडी पडून आहे – जुनं कापड उसवलंय, नवं चढवलेलं नाही. जिना उतरून खाली जावंसंच वाटत नाही.

तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा या आठवड्याचा पाठ हिच्या उशाशी बसून वाचला. दर पाठातून आपल्या वागण्यापुरता एक धडा काढायचा आणि इथे लिहायचा, ही माझी जुनी खोड. शिकलेल्यांकडे भाष्यं असतात, माझ्याकडे माझी अक्कल. देव अब्राहामाला म्हणतो, घरदार सोड, चालू लाग. पुढे त्याचं नावच बदलतो, आणि त्याच्या बायकोचंही. साराय होती, तिची सारा झाली. आणि म्हणतो, आता या म्हातारीच्या मांडीवर मूल खेळेल.

धडा – जुनं सोडल्याशिवाय नवं हाती लागत नाही.

लिहिलं खरं. पण हिला सोडायची माझी तयारी नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी प्रार्थनाघरात गेलो. तिथे प्रार्थना चालवणारे आमचे वाचक माझ्या मुलाच्या वयाचे, पण माणूस जाणता. त्यांना म्हटलं, हिचं नाव बदला. आमच्यात ही रीत आहे. माणूस अगदी मरणाला टेकलं की त्याला नवं नाव द्यायचं. न्यायला येणारा जुन्या नावाने शोधत येतो, त्या नावाचं कोणी सापडत नाही, मग हात हलवत परत जातो.

वाचक म्हणाले, "काका, एकदा बदललं की जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. चुकूनसुद्धा."

"त्यात काय अवघड? लग्न झाल्यापासून 'अगं'च म्हणतोय."

ते हसले. मग तोराची गुंडाळी उघडली आणि हसू विरलं. नवं नाव दिलं, प्रार्थना झाली. ते नाव इथे लिहीत नाही. जुनंही नाही. कागदाला तोंड असतं.

रविवार, २ नोव्हेंबर

काल शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, लेखणी बंद, म्हणून आज लिहितो. ताप उतरला! शुक्रवारी दुपारी दरदरून घाम फुटला, उठून बसली आणि चहा मागितला. जीव भांड्यात पडला माझा.

साखर घालून मागितला. जन्मभर बिनसाखरेचा पीत आली आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

समोरची शेजारीण जिन्यातूनच हिच्या जुन्या नावाने ओरडत आली. धावत जाऊन तिला थोपवलं. या वयात असं धावू नये, गुडघा अजून कुरकुरतोय. शेजारीण फणकारली, "भाऊ, नाव घेतलं हो मी, शिवी नाही दिली." तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डोळे मोठे करून तशीच परत गेली.

आत आलो तर ही बटाटे सोलत बसलेली. हाक अगदी दाराशी आली होती, पण हिची मान वर झाली नव्हती.

"कोणाला हाका मारतेय ती?" मला विचारलं.

नाव बदलल्याचं मी तिला अजून सांगितलेलंच नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दुपारी दुकानात एक माणूस आला. काळा कोट, रिकामे हात, बोलणं मऊ. मी एका सोफ्यातला जुना कापूस उपसत होतो. हिचं जुनं नाव घेऊन म्हणाला, "इथे राहतात ना त्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "असं कोणी राहत नाही इथे."

"बरं," म्हणाला. रागावला नाही. पण लगेच गेलाही नाही. सोफ्यापाशी उभा राहिला, माझं काम पाहत. मग गेला.

तो गेल्यावर ध्यानात आलं. माझ्या दुकानात कोणी घडीभर उभं राहिलं की बाहेर पडताना मेंढी होऊन जातं. गिऱ्हाइकांना ब्रश देतो मी अंग झाडायला. हवेत कापूस उडत होता, माझ्या भुवयांवरही होता. त्याच्या काळ्या कोटावर एक तंतू नव्हता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

खोटं बोललो. अब्राहामही बोलला होता, परमुलुखात, बायकोला बहीण म्हणून. पण तो स्वतःचा जीव वाचवायला. मी हिचा. एवढाच काय तो फरक, आणि एवढ्यावर रात्री झोप लागली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

झोप उडाली. या आठवड्याचा पाठ वाचत होतो. अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय, तीन अनोळखी माणसं येतात. तो धावत सामोरा जातो, खाऊपिऊ घालतो. दरवर्षी याचा धडा एकच लिहितो – आल्या-गेल्याचं स्वागत करावं. आज पुढच्या ओळीवर बोट अडलं. पाहुणे विचारतात, तुझी बायको सारा कुठे आहे?

सारा म्हणतात. नाव बदलून किती दिवस झाले होते? यांना कोणी सांगितलं?

म्हणजे येणाऱ्याला नवं नावही ठाऊक असू शकतं.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आधीची कुठे गेली?"

मी म्हटलं, "अगं, खुर्चीचं कापड बदललं म्हणून खुर्ची बदलते का?"

"ते खुर्चीला विचारा," म्हणाली आणि कपात साखर घातली.

रविवार, ९ नोव्हेंबर

काल वाचकांना गाठलं. त्या पाहुण्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "काका, ते आनंदाची बातमी घेऊन आले होते."

"सगळेच तीच घेऊन येतात का?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घात झाला. जिना उतरताना हिचा पाय सटकला, आणि माझ्या तोंडून तिचं जुनं नाव गेलं. मोठ्याने. जन्मात कधी घेतलं नाही ते नेमकं तेव्हा! कठड्याला धरून सावरली. खरचटलंही नाही.

"एवढं काय ओरडायचं?" म्हणाली. मग पायात चप्पल सरकवत, "आवाज छान होता पण. कोणाचं नाव ते?"

दुकानाचं दार उघडंच होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

या आठवड्याच्या पाठाला साराचं आयुष्य म्हणतात, आणि तो उघडतो तिच्या मरणाने. वाचायचा टाळत होतो. आज हिनेच पुस्तक पुढ्यात आणून ठेवलं. "वाचा. मी ऐकते."

वाचला. मरणाच्या ओळीवर दोनदा अडखळलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, परक्या मुलाची कीव यावी तशी. मग माझ्या शर्टावरचा कापूस टिपला. ती सवय मात्र तिचीच, जुनी.

उद्या हाच पाठ प्रार्थनाघरात वाचतील, तो दिवस निघून जाऊ दे. एवढंच मागतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

गेला! प्रार्थनाघरात आली, बसली, पाठ ऐकला, पायी घरी आली, पोटभर जेवली. मी वेड्यासारखा तिच्या ताटाकडे पाहत होतो. "घास मोजताय का माझे?" म्हणाली. हसलो. किती दिवसांनी.

धडा – मरण एका ओळीत आटपतं. पाठाला नाव मात्र आयुष्याचं देतात. आता साखरेचा चहा पिणारी असेल तर असो. आहे ना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मी कापड आणायला गेलो होतो, दुकानात ही बसली होती. काळ्या कोटाचा माणूस आला होता म्हणे. हिच्याबद्दल काही विचारलं नाही त्याने. भलत्याच कुणा पुरुषाचं नाव घेतलं. "मी सांगितलं, असं कोणी राहत नाही इथे. बरं म्हणाला. पुन्हा येतो म्हणाला."

कोणतं नाव, विचारलं. तिने सांगितलं.

मी अंगावर पीत होतो तेव्हा माझा ताप उतरेना, म्हणून आईने माझं नाव बदललं. आधीचं हेच होतं, तिने मरताना माझ्या कानात सांगितलं. मी आजवर कोणाला बोललेलो नाही. हिलासुद्धा नाही.

उद्यापासून दुकानात मी बसणार. दार मीच उघडणार.