बाभळीपासून बारा पावलं

३ मार्च, रविवार
काल मशीन आलं. साधंच आहे, शिकाऊ माणसाचं. वीतभर खोलीपर्यंतचाच धातू ओळखतं. आज सकाळी घराजवळच्या बागेत दोन तास चालवलं. सापडलं ते: बाटल्यांची बुचं ११, खिळे ३, गुटख्याची चंदेरी पुडी (चार वेळा फसलो), दोन रुपयांचं नाणं १. खिळ्याला आवाज घोगरा येतो. नाण्याला बारीक, उंच. पुडीचा मधलाच.
वॉचमन म्हणाला, "क्या ढूंढरा रे? निजाम का खजाना?" मी म्हणालो, किल्ली हरवलीय. उगीच खोटं बोललो.
आमच्या पुंडलिकनगरात कुणाला सांगितलेलं नाही. जूनमध्ये दादा नाहीसा झाल्याला दोन वर्षं होतील.

७ मार्च, गुरुवार
चांदीचा आवाज नक्की कसा येतो ते कळायला हवं होतं. घरात चांदी म्हणजे वहिनींची जोडवी. त्यांनी स्वतःच एक काढून दिलं. कुंडीत चार बोटं खाली पुरलं, वरून मशीन फिरवलं. आवाज एकदम उंच, स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, "असाच वाजेल का तो?"
तेवढ्यात आई आली. वहिनींच्या पायाकडं बघितलं. "जित्या नवऱ्याची जोडवी काढतीस व्हय गं?" वहिनींनी माती लागलेलं जोडवं तसंच बोटात घातलं. रात्री दोघीही जेवल्या नाहीत.
आईसाठी दादा जिता आहे. वहिनींसाठी काय आहे ते त्या बोलत नाहीत. फुलंब्रीहून त्यांचा भाऊ दर महिन्याला येतो आणि आईला एकच विचारतो, "मावशी, किती दिवस हिला नुसती कुंकू लावून बसवायची?"

१७ मार्च, रविवार
मशीन घेऊन पहिल्यांदा धरणावर गेलो. पैठणच्या अलीकडं आत वळायचं, मग कच्चा रस्ता. यंदा पाणी लांब गेलंय. चिखल वाळून त्याच्या फरश्या झाल्यात. दादाची गाडी ज्या बाभळीला टेकलेली होती ती आज कोरड्यात उभी आहे. पूर्वी दोनदा आलो तेव्हा बुंधा पाण्यात होता. म्हणजे तिथपासूनच शोधायचं.
तेव्हा गाडी सापडली त्या दिवसांत आईनं मला इकडं येऊच दिलं नव्हतं. एक गेला, दुसरा पाण्याजवळ नको म्हणून. मामा आले होते. होडीतून तीन दिवस गळ टाकले. काही नाही. मग पाऊस लागला, धरण भरलं.
एक म्हातारे मेंढ्या चारत होते. बिरूआप्पा नाव सांगितलं. मशीनकडं बघून म्हणाले, "भुईची नाडी बघतूस व्हय डाक्टर? जगंल का?" मला हसू आलं. खूप दिवसांनी.
आज: खिळे ९, नांगराचा फाळ १, मासे पकडायच्या जाळ्याची शिशाचे मणी पुष्कळ.

३१ मार्च, रविवार
काय शोधतोय ते इथं एकदा नीट लिहून ठेवतो.
चांदीचा करदोडा. दादाच्या लग्नाच्या वेळी आईनं स्वतःचे तोडे मोडून पाचोडच्या सोनाराकडून करून घेतलेला. पुढं एक कडी तुटली, तिथं सोनारानं तांब्याचा टाका दिला. एका टोकाला अडकवायचा आकडा. आमच्याकडं पुरुषाच्या कमरेचा करदोडा जिवंतपणी निघत नाही. दोऱ्याचा जीर्ण झाला तरी आधी नवा बांधतात, मग जुना काढतात. करदोडा तोडतात तो चितेवर.
तो सापडला तर दादा गेला. नाही सापडला तर काहीच नाही, आहे तसंच.
घरातून निघून गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणालो होतो, तू घरात आहेस काय, नाहीस काय, काही फरक पडत नाही. मोरीवरून भांडण झालं होतं. मोरी कोणी धुवायची यावरून. त्यानं पाण्याची बादली खाली ठेवली आणि

१४ एप्रिल, रविवार
सापडला.
सकाळी ९.४० वाजता. बाभळीपासून पूर्वेला बारा पावलं. उंच आवाज, दोन्ही बाजूंनी तसाच. वर चपटा दगड, ताटाएवढा. दगड उचलला, खाली गाळ, चार बोटं. करदोडा गोळा झालेला, मुठीत मावेल असा. काळा पडलाय. आकडा उघडा. कडी कुठंही तुटलेली नाही. पाण्यानं धुतला, आकडा दोनदा लावून काढून पाहिला. अजून घट्ट आहे, अंगठ्याचा जोर लावावा लागतो. तांब्याचा टाका आहे.
फोटो काढले ४. दोन हलले.
तिथं कुणीच नव्हतं. बिरूआप्पांचा कळप पुढं गेलेला. मोठ्यानं रडलो तरी चाललं असतं. पण रडू येईना.

१५ एप्रिल, सोमवार
आईपुढं रुमाल सोडला. ती एक एक कडी बोटांतून सरकवत गेली. टाक्याच्या कडीवर थांबली. मग भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "जिता माणूस काढत नाय रे करदोडा." एवढंच.
वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या. गॅस बंद करून पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

२१ एप्रिल, रविवार
पैठणच्या घाटावर विधी झाला. देह नाही म्हणून पिठाचा पुतळा. गुरुजींनी सांगितलं तसा त्याच्या कमरेला करदोडा ठेवला. मामांनी कडी तोडली. पुतळ्याला अग्नी मी दिला. करदोडा गोदावरीत सोडला. पाण्यात पडताना चमकलासुद्धा नाही.
वहिनींचा चुडा तिथंच. मी पाठ फिरवली होती. आवाज ऐकू आला.

५ मे, रविवार
तेराव्यानंतर वहिनी फुलंब्रीला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही शोधलंत म्हणून मला रडता तरी आलं."
आई आता दादाचं ताट वाढत नाही. दोन वर्षं रोज वाढून झाकून ठेवायची. झाकायची ताटली फळीवर पालथी आहे.

१९ मे, रविवार
आईनं त्या जागी नारळ ठेवून यायला सांगितलं म्हणून गेलो. बिरूआप्पा भेटले. "डाक्टर, मशीन कुठंय? पेशंट सुटला का?" मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग जागा दाखव म्हणाले. दाखवली.
"हितं? दगडाखाली?"
"हो. ताटाएवढा दगड."
"मग पाण्यानं न्हाई आणलेलं ते. त्या साली जेठात पाणी पार तिकडं, त्या टेकाडाखाली व्हतं. आमी हितंच मेंढरं बसवली व्हती. लई पाऊस नंतर झाला." मग म्हणाले, "कुणीतरी काढून ठेवलाय बाबा."
नारळ ठेवला की नाही आठवत नाही. तो पिशवीत नव्हता, म्हणजे ठेवला असेल.
घरी आल्यावर १४ एप्रिलचं पान वाचलं. दगड. आकडा उघडा. अंगठ्याचा जोर. सगळं लिहिलंय. मीच लिहिलंय.

२० मे, सोमवार
मामांकडं गेलो. त्यांचा जुना फोन कपाटात होता, चार्ज व्हायला तास लागला. गाडीचा फोटो त्यात आहे. तोच मी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पोलिसांतल्या तक्रार अर्जाला जोडायला काढला होता. तेव्हा गाडीचा नंबर ठळक दिसावा म्हणून चारी बाजू कापल्या होत्या. साहेबांना वाचायला सोपं जावं म्हणून.
मूळ फोटो आज पहिल्यांदा नीट पाहिला. गाडी, बाभूळ, मागं मोकळी जमीन, तिच्यावर मेंढ्यांच्या लेंड्या. पाणी फोटोच्या वरच्या कडेला, बोटाच्या रेघेएवढं.
मामांनी विचारलं, "काय बघतूस एवढं?" म्हणालो, काही नाही.

२३ मे, गुरुवार
झोप नाही. स्वतःशीच मांडून बघतो. काढून ठेवला आणि मग चालत पाण्यापर्यंत गेला. किंवा काढून ठेवला आणि रस्त्याकडं गेला. दोन्हीकडं चालतच जाता येतं.
त्यानं स्वतःच स्वतःचा करदोडा सोडला. म्हणजे आमच्यासाठी मेला. तेवढं तर नक्की. पण तेवढंच नक्की.
आईला सांगितलं तर ती पुन्हा ताट वाढेल.

३१ मे, शुक्रवार
दुपारी वहिनी आणि त्यांचा भाऊ दुकानात आले. साधी साडी, कपाळ मोकळं. फुलंब्रीजवळचंच स्थळ आहे, बिजवर, शेती आणि कंपनीत नोकरी. पुढच्या आठवड्यात देवळात लग्न. प्रतिज्ञापत्र हवं होतं. भाऊ म्हणाला, "तुमच्याइतकं शुद्ध कोण टाइप करणार? आणि साक्षीदार म्हणून तुमचीच सही पाहिजे, मयताचा सख्खा भाऊ म्हणून."
टाइप केलं. "माझे प्रथम पती मयत झाले असून..." दोनदा तपासलं. एकही चूक नाही. दोन प्रती काढल्या.
वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. बोटात जोडवी नव्हती, तिथं कातडीवर पांढरा पट्टा. "भाऊजी, झालं का?"
मी म्हणालो, "लाईट गेली. उद्या या."
त्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांचा भाऊ काहीतरी बोलायला लागला, त्यांनी त्याच्या हाताला धरून थांबवलं. माझ्याकडं खूप वेळ बघितलं.
"येते उद्या," म्हणाल्या.
दोन्ही प्रती ड्रॉवरमध्ये आहेत. साक्षीदाराची जागा कोरी. सकाळी नऊला दुकान उघडायचं आहे.